मुफस्सलातील सुरुवात

ज्या काळी लातूर हा निजामाच्या अमलाखालील उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता आणि कचेरीचे दफ्तर उर्दूत लिहिले जात असे, त्या काळी तहसील, दाखला, शिरस्तेदार या शब्दांइतकेच वजीर, प्यादे, शह आणि मात हे शब्दही आपल्या बोलीत मुरलेले होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो अंमल संपला. पुढे १९८२ साली लातूर स्वतंत्र जिल्हा झाला. शब्द राहिले, पण बुद्धिबळाच्या पटावरचा कायदा बदलला. आज एखादा होतकरू खेळाडू ‘डावाची सुरुवात कोणती धरू?’ असे विचारतो, तेव्हा त्या प्रश्नामागे हा बदललेला कायदा उभा असतो, असे मला वाटते.

जुन्या देशी खेळात प्यादे पहिल्या चालीतही सामान्यतः एकच घर सरके. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला शह बसण्यापूर्वी एकदाच घोड्याची उडी घेण्याची मुभा असे. आणि काही ठिकाणी तर खेळणारा आरंभी एकदम चार किंवा आठ चाली करून आपल्या अर्ध्या पटावर मनाजोगती मांडणी उभारी. अशा खेळात मध्यभागी पहिल्याच चालीत झेप घेणे सहसा शक्य नव्हते. प्याद्याने एक पाऊल पुढे टाकावे, त्याने मोकळ्या केलेल्या घरात उंट बसवावा, आणि प्रतिपक्षाने मध्यभाग व्यापलाच तर त्या व्यापलेल्या भूमीवर दुरून मारा करावा, ही दृष्टी त्या नियमांतूनच उपजली.

याचा सर्वांत बोलका पुरावा बंगालचा आहे. १८४८ च्या सुमारास कलकत्त्याचे बॅरिस्टर जॉन कॉक्रेन यांच्या कानी मुफस्सलातील, म्हणजे शहराबाहेरच्या मुलखातील, एका ब्राह्मणाची कीर्ती गेली. महेशचंद्र बॅनर्जी हे त्याचे नाव. पुढे या दोघांत शेकडो डाव झाले, आणि कॉक्रेन यांनी ते टिपून ठेवल्यामुळेच आज आपल्याला ते ठाऊक आहेत. महेशचंद्र बहुधा हरत, हे नमूद करणे न्यायाचे होईल. तथापि ते ज्या रीतीने डाव मांडीत, ती हरली नाही. १८८४ पर्यंत ‘इंडियन डिफेन्स’ हे नाव छापून आले होते, आणि किंग्ज इंडियन व निम्झो-इंडियन या सुरुवातींच्या नावांत ते आजही नांदते आहे. नियम युरोपीय स्वीकारला, दृष्टी मात्र घरचीच ठेवली, ही त्या माणसाची थोरवी मला फार मोठी वाटते.

मीर सुलतान खान यांनीही पंजाबात देशी नियमांनीच खेळ आत्मसात केला होता. १९२९ मध्ये ते ब्रिटनचे विजेते झाले, पुन्हा १९३२ व १९३३ मध्ये झाले, आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी कापाब्लांकासारख्या माजी विश्वविजेत्याला नमवले. छापील सुरुवातींचे ज्ञान त्यांना अल्प होते, आणि त्यामुळे आरंभी कष्टही सोसावे लागत. परंतु पट अर्धा रिकामा झाल्यावर त्यांच्यासमोर टिकणे बड्याबड्यांना जड जाई.

म्हणून मंडळात खेळून हळूहळू वर सरकणाऱ्या मुलाने सिसिलियन बचावाच्या वीस-वीस चाली पाठ करण्यात वर्ष घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पांढऱ्याकडून इटालियनसारखी मोकळी सुरुवात एक, काळ्याकडून राजाच्या घोड्याशेजारी उंट बसवणारी मांडणी एक, एवढे त्याला पुरते. मात्र प्रत्येक प्यादे कोठे थांबणार आणि कोणत्या मोहऱ्याला कोणाचा जोर आहे, हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. मी अशा मुलांना १८५५ चा एक डाव मांडून दाखवतो. कॉक्रेन पांढऱ्याकडून वजिराचे प्यादे दोन घरे पुढे टाकतात. महेशचंद्र घोडा काढतात, त्या घोड्याच्या मूळ घरापुढचे प्यादे एक घर सरकवतात, आणि मग मध्यभागी प्याद्यानेच धडक देऊन, उंट बसवून, किल्लेकोटही करतात. तो डाव महेशचंद्रांनी जिंकला. व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी हीच मांडणी १९२२ मध्ये स्पर्धेत आणली, आणि पुस्तकांत ती त्यांच्याच नावावर आहे.