पौगंडावस्थेतील भावजीवन : मानसशास्त्रीय संशोधन

साधारण १० ते १९ या वयातील मुलामुलींच्या भावना, त्यांच्यावरील ताण आणि स्त्री-पुरुषांच्या भूमिकांविषयीची त्यांची मते यांचा अभ्यास. विकासात्मक मानसशास्त्राचा हा एक प्रमुख विषय असून शिक्षणशास्त्र, मनोविकारशास्त्र आणि अलीकडे अर्थशास्त्रही त्यात उतरले आहे. मुलांना काय वाटते हे कोणाला विचारले आणि केव्हा विचारले, यावर येथील निष्कर्ष फार अवलंबून राहिले आहेत.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ मध्ये ‘अ‍ॅडोलेसन्स’ हा दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. हे वय म्हणजे वादळ, ही कल्पना त्याने रुजवली. १९५८ मध्ये अ‍ॅना फ्रॉइड यांनीही या वयातली खळबळ स्वाभाविक मानली. मात्र त्यांचा आधार मनोविश्लेषणासाठी आलेल्या मुलांचा अनुभव हा होता. मार्गारेट मीड यांनी सामोआ बेटांवरील मुलींचा अभ्यास करून १९२८ मध्येच या कल्पनेला छेद दिला होता. त्यांच्या निरीक्षणांवर पुढे डेरेक फ्रीमन यांनी १९८३ मध्ये कडाडून टीका केली आणि तो वाद पुरता मिटलेला नाही. डॅनियल ऑफर यांनी दवाखान्याबाहेरचे, शाळेत जाणारे सर्वसाधारण मुलगे निवडले (१९६९). त्यांतील बहुतेकांचे घरच्यांशी बरे चाललेले दिसले. आई-वडिलांशी खटके, मनःस्थितीतील चढउतार आणि धोका पत्करण्याची वृत्ती या तिन्ही गोष्टी या वयात वाढतात. पण प्रत्येक मुलात त्या येतातच असे नाही, हा जेफ्री आर्नेट यांचा १९९९ मधील निष्कर्ष आज सामान्यतः मान्य आहे.

खरी कलाटणी मिळाली ती शिकागोत. मिहाय चिक्सेंटमिहाय आणि रीड लार्सन यांनी शाळकरी मुलांना आठवडाभर पेजर वागवायला दिले. दिवसातून अनेकदा, आधी न सांगितलेल्या वेळी, तो वाजे. वाजला की हातातले काम थांबवून मुलाने छोट्या वहीत लिहायचे : आत्ता कुठे आहे, सोबत कोण आहे, काय करतो आहे, डोक्यात काय चालले आहे, आणि आनंदी-दुःखी, उत्साही-मरगळलेला अशा जोड्यांच्या मोजपट्टीवर खुणा करायच्या. गणिताचा तास असो वा मित्रांबरोबरची टंगळमंगळ, त्या क्षणाची नोंद त्याच क्षणी. ही अनुभव-नमुना पद्धत. एरवीच्या प्रश्नावलीत मूल गेल्या महिन्याचा अंदाज सांगते. त्यात आठवण आणि कालच झालेले भांडण यांची सरमिसळ होते.

७५ विद्यार्थ्यांच्या अशा नोंदींवर आधारलेले पुस्तक १९८४ मध्ये निघाले. मुले मोठ्या माणसांपेक्षा अधिक टोकाच्या भावना नोंदवतात, पण त्यांतून लवकर बाहेरही येतात : तासाभराच्या आत मन मूळपदावर, तर प्रौढांना काही तास लागतात. शिवाय ज्यांची मनःस्थिती जास्त हेलकावते ती मुले जास्त बिघडलेली असतात, असेही आढळले नाही. घरोघरी ‘मूड’ या एका शब्दावर होणाऱ्या काळजीच्या मानाने हा निष्कर्ष फारच कमी लोकांपर्यंत पोचला आहे. पुढे लार्सन आणि हॅम यांनी (१९९३) पाचवी ते नववीच्या मुलांत पाहिले की, वय वाढते तशा शाळा, घर आणि मित्र यांतील अप्रिय घटनाही वाढतात, आणि उदासीचा त्यांच्याशी संबंध घट्ट होत जातो. म्हणजे सगळा दोष संप्रेरकांच्या माथी मारून चालणार नाही.

हीच पद्धत सुमन वर्मा, दीपाली शर्मा आणि लार्सन यांनी चंडीगढमध्ये वापरली (२००२). मध्यमवर्गीय घरांतील आठवीच्या १०० विद्यार्थ्यांना गजराची घड्याळे दिली. त्यांच्या जागेपणीचा सुमारे एक तृतीयांश वेळ अभ्यास आणि शाळेत जात होता आणि त्या वेळातील नोंदी निरुत्साहाच्या होत्या. जास्त अभ्यास करणारी मुले सरासरीने अधिक खिन्न होती. पण मोकळा वेळ जास्त घेणाऱ्यांची सुटका झाली होती असेही नव्हे : रोजची मनःस्थिती बरी, परीक्षेची धास्ती मात्र अधिक आणि गुणही कमी. दहावीच्या वर्षात टीव्हीची केबल काढणाऱ्या पालकांनी यातले पहिले वाक्य वाचावे आणि मुलांनी दुसरे. अमेरिकेतल्यासारखी घरापासूनची फारकत मात्र या मुलांत दिसली नाही. कुटुंबासोबतचा वेळ त्यांना बहुधा सुखाचाच वाटत होता.

गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १२ ते १६ वयाच्या २,०४८ मुलामुलींची पाहणी केली (२००८). निदान करण्याजोगा मनोविकार १.८१ टक्क्यांतच आढळला. अभ्यासातील अडचणी, मारहाण वा शिवीगाळ, असुरक्षित परिसर आणि तंबाखू यांच्याशी त्याचा संबंध होता. कुटुंबाचा आधार असलेल्यांत प्रमाण कमी होते. मुलगी म्हणून दुजाभाव सोसावा लागलेल्या मुलींत ते अधिक होते, आणि लिंगभावाचा प्रश्न ताणाच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही, हे येथेच दिसते.

लिंगभावविषयक मतांच्या अभ्यासात १९८३ मधील हिल आणि लिंच यांचे गृहीतक महत्त्वाचे : वयात येताना मुलगा-मुलगी म्हणून वागण्याचा दबाव वाढतो. मुंबईत २००८ पासून आयसीआरडब्ल्यू, कोरो आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था या संस्थांनी महापालिका शाळांतील सहावी-सातवीच्या वर्गांत ही मते बदलण्यासाठी चर्चासत्रे घेतली. सर्वांत काटेकोर प्रयोग हरियाणातला. ३१४ सरकारी शाळांपैकी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडलेल्या शाळांत ‘ब्रेकथ्रू’ संस्थेने अडीच वर्षे सातवी-आठवीपासूनच्या मुलांशी चर्चा केल्या. दिवा धर, तरुण जैन आणि सीमा जयचंद्रन यांच्या अहवालानुसार (२०२२) मते समतेकडे झुकली, आणि हा बदल दोन वर्षांनंतरही टिकला. घरकामात हातभार लावण्यासारखे वर्तनातील बदल मुलग्यांनी अधिक सांगितले. मुलींची मते बदलली तरी घरचे निर्बंध तेच होते, हे त्याचे एक कारण. मुले परीक्षकाला खूश करणारी उत्तरे देत असतील, ही शंका धरून त्या प्रवृत्तीचीही वेगळी मोजणी करण्यात आली. अशी खबरदारी नसलेल्या पाहण्यांतील आकडे जपूनच वापरावेत.

ताणावरील उपायही असेच शाळांत तपासले गेले. गोव्यातील ‘संगथ’ संस्थेने दिल्लीच्या सरकारी शाळांत केलेल्या चाचणीत (२०२०) २५१ विद्यार्थी होते. एका गटाला समस्या सोडवण्याची पुस्तिका आणि प्रशिक्षित समुपदेशकांशी बैठका मिळाल्या, दुसऱ्याला नुसती पुस्तिका. सहा आठवड्यांनी, मुलांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलेल्या अडचणी पहिल्या गटात अधिक उतरल्या होत्या. लक्षणांच्या ठरावीक प्रश्नावलीत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.