पेन्शन दोन महिन्यांची, हप्ता एका वर्षाचा

गेल्या आठवड्यात हेमलकशात चहा घेताना एका निवृत्त गुरुजींनी खिशातून कागद काढला. "वाचा पत्रकार साहेब, चष्मा विसरलो." चष्मा डोळ्यांवरच होता! आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाची नोटीस होती. वय 67, दोघा नवरा-बायकोचा हप्ता मिळून जवळपास दोन महिन्यांची पेन्शन.

हे इथवर कसं आलं? 1 जानेवारी 1973 ला देशातला सर्वसाधारण विमा सरकारी झाला. त्याच वर्षी 23 डिसेंबरला बाबा आमटेंनी हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. पुढे डॉ. प्रकाश आणि मंदाताई झाडाखाली रोगी तपासू लागले. हप्ता नाही, कार्ड नाही. विमावाल्यांची मेडिक्लेम यायला मात्र 1986 उजाडलं, आणि 2000 नंतर खासगी कंपन्या आल्या.

नोकरीत असताना सरकारी माणसाला याची झळ बसत नाही. 1961 च्या नियमांनी दवाखान्याची बिलं परत मिळतात. निवृत्तीच्या दिवशी ते दार बंद. 2014 मध्ये राज्याने निवृत्त होणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी समूह विमा आणला, पण हप्ता ज्याचा त्याने भरायचा. बँकवाल्यांचं 2015 मध्ये तेच झालं.

खरी गोम इथे आहे. गटात तरुण असले की म्हाताऱ्यांचा खर्च सगळ्यांत वाटला जातो. निवृत्तांचा गट वेगळा काढला की सगळेच साठीपुढचे. क्लेम जास्त, म्हणून हप्ता जास्त. मग धडधाकट माणसं पॉलिसी सोडतात, आणि उरलेल्यांचा हप्ता आणखी चढतो. ज्याने तीस वर्षं क्लेम केला नाही, त्याचं कौतुक कुणालाच नाही.

जानेवारी 2025 मध्ये नियामकाने सांगितलं, साठीवरच्यांचा हप्ता वर्षात 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी आम्हाला विचारा. गुरुजींची मोठी उडी त्याआधीच झाली होती. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी गेला, तेवढाच दिलासा.

आता आपल्या जिल्ह्याचं. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत आली, त्यात गडचिरोली होता. पण पिवळ्या-केशरी कार्डापुरती. पांढऱ्या कार्डाचे गुरुजी बाहेर. 2023 च्या निर्णयाने महात्मा फुले योजनेत पांढरं कार्डही आलं, 5 लाखांपर्यंत. हे गुरुजींना कुणी सांगितलंच नव्हतं! सत्तरी झाली की आयुष्मानचं कार्ड वेगळं मिळतं, त्याला अजून तीन वर्षं. मात्र दोन्हीकडे उपचार ठरलेले, दवाखानेही ठरलेले.

"मग पॉलिसी सोडू का?" गुरुजींनी विचारलं. सोडा म्हणायची माझी छाती झाली नाही. उद्या यादीबाहेरचं दुखणं निघालं तर? पुन्हा नवीन पॉलिसी घेतली की जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं.

पॉलिसीतले कॅशलेस दवाखाने नागपुरात. गेल्या पावसाळ्यात काकूंना ताप भरला, तेव्हा गुरुजींनी त्यांना नेलं ते लोकबिरादरीतच.

नोटिशीची मुदत महिनाअखेरची आहे. महात्मा फुले योजनेतल्या दवाखान्यांची यादी काढून सोमवारी त्यांच्या घरी जातोय. आणखी कुणाला हवी असेल तर खाली कळवा, जास्तीच्या प्रती आणतो.