शिखरावरचा कॅमेरा आणि बडोद्याचे कलाभवन

पर्वतशिखरावरून दिसणारा सलग देखावा टिपण्यासाठी कॅमेरा तिपाईवर समपातळीत ठेवून टप्प्याटप्प्याने फिरवावा लागे आणि प्रत्येक काचेवर आधीच्या दृश्याची कड पुन्हा घ्यावी लागे, म्हणजे कागदावरील प्रती जोडताना डोंगररांग तुटत नसे. १८५१ नंतर रूढ झालेल्या कलोडियन पद्धतीत काचेवरील रसायन ओले असतानाच चित्र घेऊन ते धुवावे लागे, त्यामुळे अंधारा तंबू, बाटल्या आणि पाणीही वर न्यावे लागे. ब्रिटिश छायाचित्रकार सॅम्युअल बोर्न याने १८६६ मध्ये हिमालयातील सुमारे १८,६०० फुटांवरील मणिरंग खिंडीत छायाचित्रे घेतली ती हमालांच्या बळावर, आणि त्या हमालांना श्रेयाचा वाटा मिळाला नाही, हा अन्यायच होय.

पुढे जिलेटिनच्या कोरड्या काचांनी हे ओझे हलके केले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० मध्ये तेथे कलाभवन ही कला-तंत्रशिक्षणाची संस्था निघाली तेव्हा या कोरड्या काचा प्रचारात आल्या होत्या. प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांच्या काळात तेथे छायाचित्रण शिकलेल्या धुंडिराज गोविंद (दादासाहेब) फाळके यांनी नंतर गोध्र्यात छायाचित्रकाराचा व्यवसाय मांडला. छायाचित्रणाला श्रीमंतांच्या हौसेतून काढून कारागिराच्या शिक्षणात आणले, हे कलाभवनाचे मोठे कार्य मानले पाहिजे.