गल्लीत सापडलेलं पत्र

एका माणसाचं आयुष्य उलगडायचं आणि त्यातून समाज वाचायचा, या अभ्यासपद्धतीचा जन्म शिकागोच्या एका गल्लीत झाला असं सांगतात. विल्यम थॉमस या समाजशास्त्रज्ञाने उतारवयात दिलेली हकीकत साधी आहे. पावसाच्या दिवशी घरामागच्या गल्लीत त्याला एक लांबलचक पत्र सापडलं. रुग्णालयात प्रशिक्षण घेणाऱ्या मुलीने ते वडिलांना लिहिलं होतं, घरातल्या कुरबुरींबद्दल. अशी पुष्कळ पत्रं मिळाली तर किती कळेल, असं त्याच्या मनात आलं. पुढे तोंडोतोंडी हीच कथा फुगली. पोलिश वस्ती आली, वरून भिरकावलेला कचरा आला, तो चुकवणारा थॉमस आला.

मला ही फुगलेली कथा पटत नाही, आणि साधीही पुरेशी वाटत नाही. पत्राने हाव जागवली असेल. पण वाट दाखवली ती वॉर्साने. 1913मध्ये तिथे थॉमसला फ्लोरियान झ्नानियेत्स्की भेटला. हा तत्त्वज्ञ स्थलांतरितांना मदत करणाऱ्या संस्थेचा कारभार पाहत होता. गाव सोडून निघालेला शेतकरी रोज त्याच्यासमोर उभा राहायचा. त्याच्या एकेका निर्णयामागे जमिनीचे तुकडे, मजुरी आणि अमेरिकेतले नातलग कसे उभे आहेत, हे झ्नानियेत्स्कीला तिथेच दिसलं असणार.

1914मध्ये झ्नानियेत्स्की शिकागोला आला. शिकागोतल्या पोलिश वृत्तपत्रात जाहिरात देऊन पत्रं विकत घेतली गेली, एका पत्राला 10 ते 20 सेंट. त्यातून 1918 ते 1920 या काळात दोघांचा पाच खंडांचा ग्रंथ झाला. आपल्या ‘शि. सा. न. वि. वि.’सारखाच या पत्रांचाही मायना ठरलेला: आधी ख्रिस्ताची स्तुती, मग तब्येतीची खुशाली, मग सगळ्यांना नमस्कार. लेखकांनी त्यांना ‘नमनाची पत्रं’ म्हटलं. दुरावलेलं कुटुंब अजून एकच आहे, हे बजावणं हेच त्यांचं काम. एक अख्खा खंड तर व्लादेक नावाच्या स्थलांतरित पाववाल्याच्या आत्मकथेचा आहे.

वॉर्साला एवढं श्रेय कशाला, असं कोणी म्हणेल; शिकागोनेही ही वाट सोडली नाही. क्लिफर्ड शॉचं एका बालगुन्हेगाराच्या आत्मकथेवरचं पुस्तक 1930चं. खरं आहे. पण पोलंडला परतलेल्या झ्नानियेत्स्कीने 1921मध्ये पोझ्नानला कामगारांच्या आत्मकथांची स्पर्धाच भरवली, आणि तिथे ही चालच पडली. 1933मध्ये वॉर्सात बेरोजगारांच्या आत्मकथा छापल्या गेल्या. समाजशास्त्रज्ञ राइट मिल्सने चरित्र आणि इतिहास यांची सांगड 1959मध्ये घातली, तोवर पोलंडमधले कामगार आणि शेतकरी स्वतःच्या हाताने ती लिहीत होते.