अंगण ते सिविक सेंटर : हरवलेल्या मुलाच्या शोधाचा इतिहास

भिलाईच्या वसाहतीत वाढलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी मुळाक्षरांच्याही आधी एक पाठ गिरवला आहे. सेक्टर, सडक आणि क्वार्टर, हे तीन आकडे आई रोज घोकून घेत असे. त्यामागे कारण होते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्यासोबत उभ्या राहिलेल्या वसाहतीत एका सेक्टरातील घरे दुसऱ्यासारखी आणि एक सडक शेजारच्या सडकेसारखी होती. शेजारी कोणी तेलुगू, कोणी बंगाली, कोणी मल्याळी, कोणी पंजाबी. वाट चुकलेल्या चार वर्षांच्या मराठी मुलाला आपले गाऱ्हाणे मराठीत सांगून भागणार नव्हते; आकडे मात्र सर्वांना कळत. शाळेच्या हीरक महोत्सवाच्या निमित्ताने या छोट्या पाठामागचा मोठा इतिहास पाहणे उचित ठरेल.

आपले आजी-आजोबा ज्या गावांतून इकडे आले, तेथे मुलांवर लक्ष ठेवण्याचे काम कोणा एकाकडे नसे. पारावरचे म्हातारे, विहिरीवरच्या बायका, दुकानदार, गुराखी या सर्वांची नजर मुलांवर असे आणि कोणाचे पोर कोणत्या आळीत खेळते हे सर्वांना ठाऊक असे. ही व्यवस्था ओळखीवर उभी होती. म्हणून ओळख संपली की तीही संपे. जत्रेत, वारीत, रेल्वे स्थानकावर गावची नजर पोहोचत नसे.

वारकऱ्यांनी या अडचणीवर फार पूर्वी तोडगा काढला. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला शिस्तबद्ध रूप दिले. त्या शिस्तीत प्रत्येक दिंडीचे रथापुढचे वा रथामागचे स्थान ठरलेले आणि त्याला क्रमांक असतो. लाखोंच्या गर्दीत चुकलेल्या माणसाला आपली दिंडी रथापुढची की मागची आणि तिचा क्रमांक कोणता, एवढे सांगता आले तरी तो आपल्या माणसांत परत पोहोचतो. आईने घोकून घेतलेल्या क्वार्टरच्या आकड्याचे आणि दिंडीच्या क्रमांकाचे काम एकच आहे. अनोळखी माणसालाही मदत करता यावी, अशी खूण मुलाजवळ असणे.

उत्तरेत प्रयागच्या मेळ्यात याच गरजेतून १९४६ साली राजाराम तिवारी यांनी ‘भूले-भटके’ शिबिर सुरू केले. चुकलेल्यांना एका ठरलेल्या जागी आणून बसवायचे आणि त्यांच्या नावाचा पुकारा करायचा, ही त्याची साधी रीत होती. शोधणारा आणि हरवलेला दोघेही फिरत राहिले तर भेट दुरापास्त होते. दोघांपैकी एकाने एका जागी थांबायला हवे, हे तत्त्व त्या शिबिराने हजारो कुटुंबांना शिकवले.

मूल हरवण्याआधीच्या काळजीचा धागा मात्र महाराष्ट्राने विणला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आईबाप कामावर गेलेले आणि मुले उघड्यावर, ही तेथील स्थिती होती. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी जन्मली; गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा आली. मुलांना चार भिंतींत कोंडण्यापेक्षा ती जेथे खेळतात तेथे जाणते माणूस नेऊन ठेवणे, हा त्या प्रयोगाचा गाभा होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

शहरे वाढत गेली तसे हरवण्याचे स्वरूप बदलले. १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून, जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने, १०९८ ही बालकांसाठीची दूरध्वनी सेवा सुरू झाली. तरीही पोलीस ठाण्यात मूल हरवल्याची तक्रार गांभीर्याने घेतली जाईलच असे नव्हते. ‘थांबा, येईल परत’ हे उत्तर अनेक आईबापांनी ऐकले. डिसेंबर २००६ मध्ये नोएडाजवळील निठारी येथे मुलांचे अवशेष सापडले, तेव्हा त्या उत्तराची किंमत देशाला कळली. तेथील गरीब पालकांच्या तक्रारींकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले होते.

१० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर आदेश दिला की, मूल बेपत्ता झाल्याच्या प्रत्येक तक्रारीची प्रथम खबर नोंदवली जावी आणि अपहरण वा मानवी तस्करी झाली असावी असे गृहीत धरून तपास सुरू व्हावा. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, या आदेशाच्या पालनाबद्दल न्यायालयाने ज्या राज्यांना जाब विचारला त्यांत आपले छत्तीसगडही होते. ही गोष्ट अभिमानाची नाही. म्हणूनच ती स्मरणिकेत नोंदवून ठेवावी. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने सामान्य नागरिकावरही जबाबदारी टाकली. पालकांपासून दुरावलेले मूल कोणाला आढळले, तर त्याने प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याची माहिती द्यायलाच हवी. न देणे हा दंडनीय अपराध आहे.

मूल नेहमीच दूर जाऊन हरवते असे नाही. १० जून २०२२ रोजी तेव्हाच्या जांजगीर-चांपा जिल्ह्यातील पिहरीद गावी अकरा वर्षांचा एक मुलगा घराच्या परसात खेळता खेळता उघड्या बोअरवेलमध्ये पडला. त्याला नीट ऐकू येत नव्हते आणि बोलताही येत नव्हते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, सैन्य आणि प्रशासन यांनी शेजारी समांतर खड्डा खणला, कठीण खडक फोडून आडवा बोगदा काढला आणि शंभराहून अधिक तासांनी, १४ जूनच्या रात्री, त्याला जिवंत बाहेर काढले. साऱ्या देशाने सुटकेचा आनंद मानला. पण सोडून दिलेली बोअरवेल तळापासून जमिनीपर्यंत माती-वाळूने भरावी, काम चालू असताना कुंपण व सूचनाफलक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच बजावले होते. पाच दिवसांच्या त्या झुंजीऐवजी काही घमेली माती पुरली असती.

या साऱ्या इतिहासातून पालकांच्या हाती काय उरते? मूल दिसेनासे झाले की प्रथम पाण्याच्या आणि खोलीच्या जागा पाहाव्यात : टाकी, तलाव, नाला, बोअरवेल, उभी मोटार. लहान जिवाला तेथे मिनिटांचाच अवकाश असतो. सर्वांनी एकाच दिशेला धावू नये; दिशा वाटून घ्याव्यात आणि एकाने घरी किंवा जेथे मूल शेवटचे दिसले तेथे थांबावे. जवळच्या शोधात ते सापडले नाही तर लगेच ११२ किंवा १०९८ वर कळवावे. चोवीस तास थांबण्याचा कोणताही नियम नाही, आणि हद्द कोणती हा वाद घालून कोणतेही ठाणे तक्रार नाकारू शकत नाही. मुलाचे अलीकडचे छायाचित्र आणि त्या दिवशीचे कपडे लक्षात असावेत. मूल सापडल्यावर मात्र रागावू नये. रागाच्या भीतीने लपून बसणारी मुले शोधणाऱ्यांच्या हाकेला ओ देत नाहीत.

आणि मुलाला आधीच सांगून ठेवावे : चुकलास तर जेथे आहेस तेथेच थांब, सोबत मुले असलेल्या एखाद्या बाईला किंवा दुकानदाराला आपले नाव आणि आईचा नंबर सांग. सिविक सेंटरच्या बाजारात शिरण्यापूर्वी नेहरू आर्ट गॅलरीसारखी एखादी ठळक इमारत दाखवून ‘येथे भेटायचे’ असे ठरवायला एक मिनिट लागते. मैत्रीबागेच्या फाटकापाशीही तेवढेच.

साठ वर्षांपूर्वी शेजाऱ्याला दुसऱ्याच्या मुलाला हटकण्याचा अधिकार होता. आज तो आपणच काढून घेतला आहे. कोणी हटकले तर आपल्याला राग येतो. मैदाने ओस पडली, मुले पडद्यासमोर सुरक्षित आहेत असे आपण मानू लागलो. ताराबाईंनी दिलेले उत्तर मात्र वेगळे होते. मूल अंगणात खेळलेच पाहिजे, आणि अंगणात मोठे माणूसही असले पाहिजे. सायंकाळी अर्धा तास आळीपाळीने मैदानावर बसणारे चार पालक प्रत्येक सेक्टरात निघाले, तर शाळेच्या हीरक महोत्सवाची ती सर्वांत उपयुक्त आठवण ठरेल.