सेगन यांनी न केलेली सही

वृत्तपत्रांतील राशिभविष्य हा प्राचीन ज्योतिषाचा वारसा वाटत असला, तरी प्रत्यक्षात ते विसाव्या शतकातील पत्रव्यवसायाचे अपत्य आहे. १९३० च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या 'संडे एक्सप्रेस'ने नुकत्याच जन्मलेल्या राजकन्या मार्गारेट यांचे भविष्य आर. एच. नेलर या ज्योतिष्याकडून लिहवून घेतले. पुढे ऑक्टोबरच्या आरंभी आर १०१ हे महाकाय ब्रिटिश हवाई जहाज फ्रान्समध्ये कोसळले, तेव्हा ब्रिटिश विमानांवर संकट येण्याचे भाकीत नेलर यांनी आधीच केले होते याचा मोठा गाजावाजा झाला आणि नेलर यांचे नाव घरोघरी पोहोचले. संपादकांना खपाचे एक खात्रीचे साधन मिळाले, ज्योतिष्याला लाखोंचा वाचकवर्ग मिळाला, आणि पोथी-पंचांग घेऊन बसणाऱ्या पूर्वीच्या ज्योतिष्याहून सर्वस्वी निराळी अशी प्रसिद्धिमाध्यमांतील एक नवी असामी जन्माला आली. १९६८ साली अमेरिकेत लिंडा गुडमन यांच्या 'सन साइन्स' या पुस्तकाचा तडाखेबंद खप झाला, तोवर या व्यवसायाचे बस्तान पक्के बसलेले होते.

अशा असामींवर विज्ञानाच्या वतीने जाहीर टीका करताना भाषा कोणती वापरावी, या प्रश्नाचा सर्वांत बोधक इतिहास १९७५ च्या एका निवेदनाशी निगडित आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या 'द ह्युमॅनिस्ट' या अमेरिकी नियतकालिकात 'ज्योतिषावरील आक्षेप' अशा आशयाच्या मथळ्याखाली ते प्रसिद्ध झाले. आकाशगंगेच्या रचनेचे जाणकार बार्ट बोक, विज्ञानलेखक लॉरेन्स जेरोम आणि तत्त्वज्ञ पॉल कर्ट्झ यांनी तयार केलेल्या या निवेदनाखाली १८६ शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या आणि त्यांपैकी १८ जण नोबेल पारितोषिकाचे मानकरी होते. प्रतिष्ठित वृत्तपत्रे, नियतकालिके व प्रकाशनसंस्था भविष्यकथनाचा बिनदिक्कत प्रसार करतात, ही निवेदनाची मुख्य तक्रार होती आणि ती रास्तच होती. मात्र तिच्या समर्थनार्थ दिलेली कारणे त्रोटक होती: ज्योतिषाचा उगम जादूटोण्यावरील विश्वासात आहे, ग्रहांचे गुरुत्वाकर्षण जन्मक्षणी नगण्य असते, आणि अनिश्चिततेने गांजलेल्या माणसांना आधार हवा असतो म्हणून ती ज्योतिषाकडे वळतात. ज्योतिष्यांना भोंदू ठरवण्यात निवेदनाने जराही हात आखडता घेतला नाही.

कॉर्नेल विद्यापीठातील ग्रहशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी या निवेदनावर सही करण्यास नकार दिला आणि त्याची कारणे १९७६ साली त्याच नियतकालिकाला पत्र पाठवून मांडली. ज्योतिषात तथ्य आहे असे सेगन यांना मुळीच वाटत नव्हते. त्यांना खटकला तो निवेदनाचा अधिकारवाणीचा सूर. या नकाराला पुढे अनेकांनी सौजन्याचा नमुना मानले, परंतु पत्रातील युक्तिवाद पाहता तो शिष्टाचाराचा प्रश्न नव्हताच. एखाद्या विद्येचा उगम अंधश्रद्धेत आहे एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, कारण रसायनशास्त्र, वैद्यक आणि खुद्द खगोलशास्त्र यांचाही उगम तसाच आहे. एखाद्या परिणामामागची यंत्रणा, म्हणजे तो कोणत्या मार्गाने घडतो ती प्रक्रिया, ठाऊक नसणे हाही निर्णायक पुरावा नव्हे. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली खंड सरकतात असे मांडले, तेव्हा ते कशाने सरकतात हे कोणालाच सांगता येत नव्हते, आणि तरी वेगेनर यांचा मूळ विचार बरोबर निघाला. लोक ज्योतिषावर का विश्वास ठेवतात याची मानसशास्त्रीय कारणे सांगून ज्योतिष खरे की खोटे हे ठरत नाही, हेही सेगन यांनी दाखवून दिले. ज्योतिषाचे मुख्य सिद्धान्त मांडून ते पुराव्यानिशी खोडणारे निवेदन असते, तर त्यावर सही केली असती, असा सेगन यांचा निष्कर्ष होता. सुराविषयीची तक्रार अशा रीतीने पुराव्याच्या उणिवेपाशी जाऊन ठेपत होती: जिथे काम करायला हवे होते तिथे पदव्या आणि पारितोषिके मांडली गेली होती.

सेगन यांच्या या सावधपणाला पूर्वेतिहास होता. १९५० साली मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने इमॅन्युएल व्हेलिकोव्हस्की यांचे 'वर्ल्ड्स इन कोलिजन' काढले. शुक्र हा गुरूतून धूमकेतूच्या रूपाने बाहेर पडला आणि पृथ्वीच्या जवळून गेला, असा त्यात दावा होता. हार्वर्ड वेधशाळेचे हार्लो शॅप्ली यांच्यासह काही शास्त्रज्ञांनी संस्थेवर इतके दडपण आणले की मॅकमिलनला आपले चालते पुस्तक डबलडे या स्पर्धक संस्थेच्या हवाली करावे लागले, आणि ज्या संपादकाने ते स्वीकारले होते त्याची नोकरी गेली. व्हेलिकोव्हस्की यांना आयतेच हुतात्म्याचे वलय लाभले. १९७४ च्या फेब्रुवारीत सॅन फ्रान्सिस्को येथील विज्ञानपरिषदेत, ७८ वर्षांच्या व्हेलिकोव्हस्की यांच्या उपस्थितीत, सेगन यांनी त्यांच्या कल्पनांची कठोर आकडेमोड मांडली. तीही उपहासापासून अगदी मुक्त नव्हती, हे नमूद करायला हवे. तथापि या साऱ्या प्रकरणातील सर्वांत वाईट भाग चुकीच्या कल्पना हा नसून त्या दडपण्याचा प्रयत्न हा होय, असे मत सेगन यांनी पुढे आपल्या 'कॉसमॉस' या पुस्तकात नोंदवले.

निवेदनाची किंमत त्याच्या कर्त्यांना लवकरच मोजावी लागली. त्याच अंकातील लेखात जेरोम यांनी फ्रान्सचे मिशेल गोकलें यांच्या संख्याशास्त्रावर हल्ला चढवला. नामवंत खेळाडूंच्या जन्मवेळी मंगळ आकाशाच्या ठरावीक भागांत अपेक्षेहून अधिक वेळा आढळतो, असा गोकलें यांचा दावा होता; मात्र पारंपरिक राशिफलाला आकडेवारीचा आधार नाही, हेही त्यांनीच दाखवले होते, म्हणजे ज्याला झोडपले तो माणूस अर्ध्या वाटेपर्यंत टीकाकारांच्याच बाजूचा होता. शिवाय जेरोम यांची टीकाच सदोष निघाली. त्यातून सुरू झालेल्या, गोकलें यांच्या दाव्याच्या तपासण्यांचे पर्यवसान असे झाले की, कर्ट्झ यांनी १९७६ साली स्थापलेल्या चिकित्सक संघटनेचे एक संस्थापक सदस्य, खगोलाभ्यासक डेनिस रॉलिन्स, यांनी १९८१ साली आपल्याच सहकाऱ्यांवर चुका झाकल्याचा जाहीर आरोप केला. विज्ञानाचे तत्त्वज्ञ पॉल फायराबेंड यांनीही या निवेदनाची यथेच्छ खिल्ली उडवली. बीबीसीच्या प्रतिनिधीने सही करणाऱ्या काहींना चर्चेला बोलावले तेव्हा आपण ज्योतिषाचा कधी अभ्यास केलेला नाही असे उत्तर मिळाले, ही त्यांनी दिलेली हकिकत निवेदनाच्या वर्मावर बोट ठेवणारी होती.

मराठी वाचकाला प्रखर भाषेचे वावडे नाही. गोपाळ गणेश आगरकरांच्या 'सुधारक'ने ती सवय एकोणिसाव्या शतकातच लावली, आणि आगरकरांचा प्रत्येक प्रहार कारणांसह येत असल्याने तो शिवीगाळ ठरला नाही. सेगन यांना अपेक्षित असलेले काम मात्र २००८ साली पुण्यात झाले. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिष्यांना एका चाचणीत भाग घेण्याचे जाहीर आवाहन केले. शंभर हुशार आणि शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम अशा मुलांच्या जन्मवेळा जमवून पत्रिका तयार करण्यात आल्या, आणि प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतील ४० पत्रिका देऊन कोणती कोणत्या गटातील ते ओळखायला सांगण्यात आले. नुसत्या अंदाजाने सरासरी २० उत्तरे बरोबर येतील. योगायोगाच्या पलीकडचे काही आहे असे मानण्यासाठी निदान २८ यावीत, हा निकष ठेवण्यात आला होता. काही ज्योतिष्यांनी बहिष्काराची भाषा केली, तरी २७ जणांनी उत्तरे पाठवली. कोणाचीही २४ हून अधिक उत्तरे बरोबर आली नाहीत आणि सरासरी ४६ टक्के निघाली. एका ज्योतिषसंस्थेने सगळ्या २०० पत्रिका मागून घेतल्या होत्या, तिची १०२ उत्तरे बरोबर आली. हे आकडे २००९ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वृत्तपत्रांतील राशिभविष्याची सदरे त्यानंतरही पूर्वीसारखीच चालू राहिली.