इरलं गेलं, कागद आला

मुळशी खोऱ्यात भातलावणीला पाठीवर इरलं असे. बांबूच्या कामट्यांची जाळी, तीत दाबून बसवलेली पळसाची पानं. चिखलात वाकलेल्या बाईचं डोकं आणि पाठ त्याखाली कोरडी राही. फाटकं इरलं बांधावर पडे किंवा चुलीत जाई. पडून राहिलं तर त्याची मातीच होई. आता त्या पाठीवर प्लॅस्टिकचा कागद असतो. हलका, स्वस्त, घडी करून काखोटीला मारता येणारा. इरल्यासाठी हळहळणाऱ्यांनी ते दिवसभर पाठीवर वागवून पाहावं. माझी तक्रार कागदाबद्दल नाहीच. वस्तू बदलली, पण ती बांधावर टाकायची, एके काळी निर्धोक असलेली रीत तशीच राहिली, घोळ तिथे आहे.

कारण टाकलेला कागद बांधावर नुसता पडून राहत नाही. उन्हातले अतिनील किरण त्याच्या लांबलचक रेणुसाखळ्या तोडतात, तुटल्या जागी ऑक्सिजन चिकटतो, पृष्ठभागाला भेगा पडतात. हात लावताच त्याचा चुरा होतो तो यामुळे. पाण्यात न मिसळणारी, तेलकट स्वभावाची कीटकनाशकं नव्या पॉलिथिनमध्येही मुरतात. जुन्याच्या ऑक्सिजन धरलेल्या, भेगाळ पृष्ठभागावर तांबं, शिसं, जस्त यांसारखे धातूही बसू लागतात. उलट दिशेचा व्यवहारही चालतो. पीव्हीसीचा रेनकोट काही पावसाळ्यांनी कडक होतो, म्हणजे त्याला मऊ ठेवणारं रसायन हळूहळू बाहेर पडलेलं असतं.

हे कळायला वेळ लागला. 1972 साली अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळ सापडलेल्या पॉलिस्टायरीनच्या कणांवर पीसीबी ही विषारी रसायनं आढळली होती. 2001 साली हिदेशिगे ताकादा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की जपानच्या किनाऱ्यावरच्या प्लॅस्टिकच्या दाण्यांत पीसीबीचं प्रमाण भोवतालच्या समुद्राच्या पाण्याच्या दहा लाख पटींपर्यंत जातं. मग प्लॅस्टिक पाणी स्वच्छच करतं की, असं कुणी म्हणेल. पण हे शोषण म्हणजे कायमची कैद नव्हे. भोवतालचं पाणी स्वच्छ झालं की तीच रसायनं पुन्हा पाण्यात उतरतात. गढूळ ठिकाणी घ्यायचं आणि निवळ ठिकाणी सोडायचं, असा हा हमाल आहे.

मुळशीत पाण्याचा प्रवासही सरळ नाही. ज्या धरणाविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, त्याने पूर्वेला वाहणारं पाणी सह्याद्री ओलांडून पश्चिमेला वळवलं. भिऱ्याच्या वीजघरातून ते कुंडलिकेत उतरतं, रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीशेजारून जातं आणि रेवदंड्याला समुद्राला मिळतं. त्याबरोबर गेलेला बारीक कण वाटेत काय उचलेल, हे मुळशीच्या पाण्यावरून सांगता येणार नाही. यावर आक्षेप असा, की गाळ आणि कुजकी पानंही रसायनं धरतात. 2016 साली बार्ट कूल्मन्स आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, की समुद्रात अशा प्रदूषकांपैकी प्लॅस्टिकवर असलेला वाटा नगण्य आहे. हिशेब मला पटतो, पण तो समुद्राचा आहे, जिथे पाणी अफाट आणि प्लॅस्टिक विरळ. खाचरात उलटं: पाणी वीतभर, आणि कागद तिथेच फाटणारा. शिवाय पळसाचं पान स्वतःबरोबर कारखान्यातलं रसायन आणत नाही, आणि कुजून संपतं. कागदाचा चुरा बांधावरून खाचरात उतरतो, आणि पुढच्या आषाढात चिखलणी करताना भाताच्या मुळाशी गाडला जातो.